शनिवारचं विमान

माझे पपा खोट्या माशियाहांचे तज्ज्ञ आहेत. हा काही कुठे शिकवला जाणारा विषय नाही आणि ते काही प्राध्यापक नव्हते. ठाण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर. पण आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे मराठी ज्यू, आणि शेवटी कधीतरी एक माशियाह येणार, येऊन या जगाची विस्कटलेली घडी नीट बसवणार, हे आमच्या कानावर लहानपणापासून पडतं. पपांना त्या येणाऱ्यापेक्षा ‘मीच तो’ असं म्हणत आधी येऊन गेलेल्यांची आवड जास्त. त्यांच्यावर त्यांनी चार वह्या भरल्या आहेत, आणि त्या चारही वह्या माझ्या कपाटात, माझ्या साड्यांच्या जागी आहेत.

दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसलं की हे लोक भाजीबरोबर पानात वाढले जातात. क्रीट बेटावर एकाने सांगितलं होतं की समुद्र दुभंगेल आणि मी तुम्हाला चालत घरी नेईन. लोकांनी कामधंदे सोडले, कड्यावर जमले, तो म्हणाला मारा उडी, आणि पुढच्यांनी मारली. कोळ्यांनी जमतील तेवढे बाहेर काढले. यमनमधल्या एकाला राजाने पुरावा मागितला तर म्हणे, माझं डोकं उडवा, मी परत उठून दाखवतो. राजाने उडवलं. तिथले काही जण पुढे कितीतरी वर्षं तो उठायची वाट बघत होते. पपांचा सगळ्यात लाडका मात्र तुर्कस्तानातल्या इझमिर बंदराचा. त्याच्यामागे पवित्र भूमीला जायचं म्हणून युरोपातल्या लोकांनी सामान बांधून ठेवलं होतं. सुलतानाने त्याला पकडलं, धर्म बदलतोस की मरतोस असं विचारलं, आणि त्याने मुकाट पगडी डोक्यावर चढवली. “आणि गंमत ऐक,” पपा पोळीचा तुकडा हातात धरून सांगतात, “तरी काही जण म्हणाले, हाच तो. यात काहीतरी गूढ आहे, आपल्याला कळत नाही एवढंच.”

माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, “ग्रँडपा, दॅट्स लिटरली अ कल्ट.” पपा खूष होतात. वर्गातल्या मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आलं की मास्तर खूष होणारच.

आता इतकं सगळं लख्ख कळणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या बाबतीत असा ठार आंधळा व्हावा, याने माझं डोकं फिरतं. आजही फिरतं, लिहिताना.

माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, बरं चाललंय. मी त्याच्याही आधी लग्न करून दुबईला आले. आई गेल्यावर ठाण्याचं घर बंद केलं आणि पपांना इथे घेऊन आले. तेव्हा भावाकडून इथे थेट यायची सोयच नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे सबब होती. मग मध्ये विमानं सुरू झाली. साडेतीन तास. ठाण्याहून कोल्हापूरला जायला याच्या दुप्पट वेळ लागतो. पपांनी त्या दिवशी करामाच्या बाजारातून पेढे आणून शेजारच्या पुण्याच्या काकूंना दिले. त्या बिचाऱ्या आम्हाला बरीच वर्षं ख्रिश्चन समजत होत्या. त्यांना वाटलं नातीचा रिझल्ट लागला.

आणि भावाचं येणं सुरू झालं. येणं म्हणजे ‘येतो’ म्हणणं. पेसाखच्या सणाला येतो. सुट्ट्यांत येतो. तुमच्या वाढदिवसाला पक्का. दोन वेळा कारण खरं होतं हे मी नाकारत नाही, युद्ध काही त्याने पेटवलं नव्हतं. पण बाकीच्या वेळी मीटिंग आली, पासपोर्ट रिन्यूला गेला, बायकोची पाठ धरली, आणि एकदा तर नुसतंच ‘सॉरी ताई, पुढच्या महिन्यात’. दर वेळी पपा किराणावाल्याने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करायचे. आणि याच पपांना इजिप्तमधल्या एका थोर पंडिताने यमनच्या लोकांना लिहिलेलं पत्र जवळजवळ पाठ आहे, ज्यात तो कळवळून सांगतो की बाबांनो, माशियाह कधी येणार याचे हिशेब मांडत बसू नका, तारखा काढू नका. पत्र तोंडात आणि भिंतीवर लाल गोल. मी एकदा ते कॅलेंडर टराटरा फाडणार होते, पण त्याच्यावर माझ्या गॅसच्या आणि व्हिसाच्याही तारखा होत्या.

मी जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. सकाळी पपांच्या गोळ्या काढून ठेवायच्या, बीपी मोजायचं, डबा, मग मेट्रो, संध्याकाळी आल्यावर त्यांना बागेपर्यंत फिरवून आणायचं. त्यांच्या ओळखपत्रासाठी त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना तेव्हा तीन वेळा सुट्टी काढून मी रांगेत उभी होते. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. सांगतेय कारण हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बागेपर्यंत जाताना पपा दोनदा थांबायला लागले, मग चारदा. तपासण्या झाल्या. मल्याळी डॉक्टर, भला माणूस, त्याने माझ्याकडे बघून हिंदीत सांगितलं, “अंकल का वाल्व एकदम टाइट हो गया है.” हृदयाची झडप बदलायला हवी, महिन्याभरात. उशीर केला तर छातीत पाणी भरायला लागेल, आणि मग ऑपरेशनही करता येणार नाही. पपांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आधी मलिदा. आणि मलिदा तो आल्यावर.”

मलिदा म्हणजे काय हे सांगायला हवं. माशियाहच्या आधी एलियाहू हन्नबी नावाचा प्रेषित येणार आणि त्याची वर्दी देणार, हे जगभरचे ज्यू मानतात. पण त्याच्या नावाने भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे घालून डोंगरासारखं ताट रचायचं, भोवती पाच फळं मांडायची आणि गाणं म्हणायचं, हे फक्त आम्ही कोकणातले करतो. लग्न ठरलं, मूल झालं, परदेशी निघालं, नवस फेडायचा असला, की मलिदा. आमच्याकडे अलिबागजवळच्या एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. त्यामुळे आमच्या म्हाताऱ्या माणसांना तो अगदी ओळखीतला वाटतो. ऑपरेशनआधी मलिदा करावा, याला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत ‘तो आल्यावर’ला होती.

मी भावाला फोन केला. ओरडले, रडले, पुन्हा ओरडले. तो म्हणाला, “ताई, येतो. रविवारी सकाळी नऊला उतरतो, प्रॉमिस.” मी विश्वास ठेवला. हो, मीसुद्धा.

मलिद्याला दहा पुरुष असावेत असा पपांचा आग्रह. ठाण्यात दहा काय पन्नास मिळाले असते, इथे दहा जमवताना माझ्या नाकी नऊ आले. शारजाहून एक, अबू धाबीहून दोन सख्खे भाऊ, असे आमचे मराठी कसेबसे सहा. बाकीचे ओळखीपाळखीने आलेले, त्यात एक फ्रेंच, ज्याने ताट बघून विचारलं हे राइस सॅलड का. नवरा पहाटे उठून एअरपोर्टवर गेला. अकराच्या सुमाराला पपा नवा सदरा घालून बसले होते आणि शेजारची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. तेवढ्यात मेसेज आला. ‘ताई, क्लायंट अचानक आला. पुढच्या महिन्यात शंभर टक्के. पपांना सांग ना.’

पपांना सांग ना. मी सांगितलं. पपा म्हणाले, “दुपारचं विमान असेल एखादं. थोडं थांबू.”

दहा बाप्ये माझ्या हॉलमध्ये अडीच वाजेपर्यंत बसून राहिले. वयस्कर माणसाला कोण बोलणार. पोहे आधी फुगले, मग त्यांचा लगदा व्हायला लागला. मी दोनदा आत जाऊन ताट सारखं केलं. अबू धाबीच्या दोघांना ड्यूटी होती, ते हळूच चपला घालून गेले. मी म्हटलं, “पपा, आहेत तेवढ्यांत करून टाकू.” तर म्हणतात, “आता आठ राहिले. आता नाही होणार.” त्यांनी सगळ्यांना एकेक फळ हातात देऊन निरोप दिला. पुढचे दोन दिवस ते गोड पोहे मी ओट्याशी उभी राहून खात होते.

सोमवारी मी कामावर गेलेच नाही. त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, “पपा, तुमच्या त्या इझमिरवाल्यात आणि आपल्या चिरंजिवांत काय फरक आहे ते मला समजावून सांगा.”

“तो माझा मुलगा नव्हता,” पपा म्हणाले.

मला म्हणायचं होतं, मुलगा नव्हता ते ठीक, पण मी तुमची मुलगी आहे, समोर बसलेय, मला तुम्ही हवे आहात, मला भीती वाटतेय. तोंडातून निघालं ते एवढंच की दुपारची गोळी राहिली आहे. त्यांनी ती घेतली आणि वही उघडली.

आठवडाभराने त्यांचे पाय सुजले. डॉक्टरांचा फोन आला की गुरुवारी सकाळची जागा आहे, यानंतर मी सांगू शकत नाही. मी फोन ठेवला, चहा केला, पपांच्या हातात कप दिला आणि खोटं बोलले.

“त्याचा फोन होता,” मी म्हटलं. “तिकीट काढलंय त्याने. म्हणाला, पपांना सांग, गुरुवारी ऑपरेशन उरकून घ्या. शनिवारी सकाळी दहाला मी उतरतो, ते डोळे उघडतील तेव्हा मी समोर असेन. मलिदा मग बरं झाल्यावर सगळे मिळून करू.” इतकं सफाईने बोलले की माझं मलाच नवल वाटलं. पपांनी विचारलं, सुट्टी किती दिवस. मी म्हटलं, दहा. सामान? एकच बॅग, निळी. इझमिरवाल्याचाही एक साथीदार होता, तो गावोगावी पत्रं धाडून वर्दी द्यायचा. पपा त्याला नेहमी म्हणतात, खरा बिलंदर हाच.

“शनिवारी?” पपा म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शनिवारी शाब्बाथ, काही काम न करायचा आमचा पवित्र दिवस. पपा त्या दिवशी गाडीतसुद्धा बसत नाहीत. भावाच्या देशातल्या मोठ्या विमान कंपनीचं एकही विमान शनिवारी जमिनीवरून हलतसुद्धा नाही. आमच्यातल्या कुठल्याही पोराला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण सव्वीस वर्षं दुबईत काढलेल्या मला शनिवार म्हणजे वॉशिंग मशीन लावायचा आणि आठवड्याची भाजी आणायचा दिवस. खोटं रचायला आठवड्यातले सात दिवस होते आणि मी नेमका तो उचलला. खलास, सापडले, असं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. चार वह्या भरून असल्या थापा उघड्या पाडणारा माणूस समोर बसला होता. आता तो मला पकडेल, मग भांडण होईल, आणि त्या भांडणात एकदाचं सगळं बोलून टाकता येईल.

पपांनी कप खाली ठेवला. मग हळूहळू म्हणाले, “जिवाचा प्रश्न असेल तर शाब्बाथ मोडायची परवानगी आहे.” त्यांचे डोळे भरून आले होते. “माझ्यासाठी मोडतोय तो. एवढं करतोय पोरगा.”

माझी चूक हाच त्यांचा पुरावा झाला. त्यांनी ते पुण्याच्या काकूंना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या वॉचमनला हिंदीत सांगितलं, आणि हॉस्पिटलमध्ये फॉर्मवर सही करताना डॉक्टरांना सांगितलं की माझा मुलगा शनिवारी विमानात बसणार आहे. डॉक्टरांना त्यात काय विशेष ते कळलं नाही, ते म्हणाले, “व्हेरी गुड, इन्शाल्ला.” इझमिरवाल्याने धर्मात निषिद्ध असलेल्या गोष्टी उघड उघड केल्या, तेव्हा त्याच्या माणसांनीही असंच म्हटलं होतं, की बघा, आपल्यासाठी करतोय. हे मला पपांनीच शिकवलं होतं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पेनाचं टोपण हातात घेऊन हे ऐकत होते आणि मला संताप आवरत नव्हता. पण सही झाली होती.

गुरुवारी पाच तास ऑपरेशन चाललं. नीट झालं. मी भावाला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, जोडलेले हात आणि तीन हृदयं.

शनिवारी सकाळी त्यांच्या घशातली नळी काढली आणि दुपारी दोन ते चार मला आत बसू दिलं. पपा गुंगीत होते. डोळे मिटलेले, पण हात सारखे उचलून नळ्या ओढायला बघायचे. सिस्टर म्हणाली, हात पकडके बैठो. मी एका हाताने त्यांचा हात धरला आणि दुसरा कपाळावर ठेवला. ओठ कोरडे ठाक पडले होते, पाणी द्यायची परवानगी नव्हती, म्हणून कापूस भिजवून ओठांवरून फिरवत राहिले. ते पुटपुटायला लागले की मी हळू आवाजात मलिद्याचं गाणं म्हणायचे, आम्हाला लहानपणी ताप आला की ते म्हणायचे तेच. माझा सूर बरा नाही. मध्ये एक कडवं विसरले आणि तिसरं दोनदा म्हटलं. ते थोडे शांत व्हायचे. चार वाजता सिस्टरने उठवलं तेव्हा माझी पाठ मोडली होती, आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं, की हे शुद्धीवर येऊन विचारतील तेव्हा काय सांगायचं. विमान रद्द झालं म्हणेन. तिकडची परिस्थिती कुणाला माहीत नाही? घरी जाताना गाडीत मी ते वाक्य चार वेळा मनात म्हणून बघितलं.

रविवारी सकाळी गेले तेव्हा त्यांना वॉर्डात आणलं होतं. उशीला टेकून बसले होते. चेहरा इतका स्वच्छ, इतका टवटवीत, की मला दारातच रडू आलं. जगले होते माझे पपा. मी जवळ गेले आणि ते विमानाचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

“आला होता तो,” पपा म्हणाले.

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“काल. मला डोळे उघडता येत नव्हते, पण मला सगळं कळत होतं. कपाळावर हात ठेवला होता त्याने. कापसाने ओठांना पाणी लावलं. आणि अगं, गाणं म्हटलं. एवढी वर्षं बाहेर राहून आठवतंय त्याला. एक कडवं चुकला, पण म्हटलं.” त्यांचा आवाज बसला होता, तरी थांबत नव्हते. “किती वाजता गेला? जेवून गेला ना?”

शहाण्या बाईने हो म्हटलं असतं. माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, हो म्हणायचं आणि शहाळं द्यायचं. मला नाही जमलं. पंचवीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

“पपा, ती मी होते,” मी म्हटलं. “दोन ते चार. हात माझा होता, कापूस मी लावला, गाणं मी म्हटलं, कडवं मी चुकले. तो आलाच नाही. त्याने तिकीटच काढलं नव्हतं. तुम्ही सही करावी म्हणून मी खोटं बोलले. काल इथे मी होते, पपा. मी.”

बीपीचा पट्टा गुंडाळणारी सिस्टर थांबून आमच्याकडे बघायला लागली. पपा मात्र रागावले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला, वर्गातल्या हुशार पण प्रश्न नीट न वाचलेल्या मुलीला समजवावं तसं माझ्याकडे बघितलं आणि हसले.

“अगं, तू तर असतेसच,” ते म्हणाले. “मी आलेल्याचं सांगतोय.”